तालमीच्या कट्ट्यावर जेश्चर ड्रॉईंग : हालचाल रेषेत, शाईत आणि मातीत कशी आणायची

जेश्चर ड्रॉईंग म्हणजे झटपट स्केच, असं समजून सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात फसतात. हात भराभर चालवल्यानं चित्रातला माणूस हलायला लागत नाही. कागदावर यायला हवं ते असं: अंगाचं वजन कुठल्या पायावर आहे, जोर कुठून निघून कुठं पोचतोय, कणा कुठं वळलाय. हे डोळ्याला दिसलं तर तीस सेकंद पुष्कळ झाले. दिसलं नाही, तर अर्धा तास घासूनही आकृती खांबासारखी उभीच राहते.

माध्यमाचंही तसंच. पेन्सिलीची रेषा दिशा चांगली सांगते, कोळशाचा आडवा घासा वजन सांगतो, ब्रश वेग सांगतो आणि माती पीळ सांगते. त्यामुळं दर वेळी नवा विषय शोधण्यापेक्षा एकच हालचाल निवडावी आणि ती या सगळ्या माध्यमांतून फिरवावी. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. तालमी आहेत, पंचगंगेचा घाट आहे, म्हशी समोरच पिळून दूध देणारे दूध कट्टे आहेत, हिवाळ्यात आसपासच्या गावांत गुऱ्हाळं पेटतात. या सगळ्या ठिकाणी हालचाल पुन्हा पुन्हा तीच होते, आणि नवख्याला नेमकं तेच हवं असतं.

साहित्य

ए-थ्री आकाराचे न्यूजप्रिंटचे ५० कागद घ्या. महाग कागद सुरुवातीला घेऊच नका; कागद वाया जाईल या भीतीनं हात आखडतो. खाली ३ मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड, कागदापेक्षा सगळीकडून तीन-चार सेंटीमीटर मोठा, आणि दोन क्लिपा. चित्राच्या कागदाखाली पाच-सहा कोरे कागद राहू द्या. नुसत्या बोर्डावर कोळसा खरखरतो आणि बोर्डाचा पोत चित्रात उमटतो.

चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा, विलोच्या लाकडाचा घ्या, दाबून बनवलेला कॉम्प्रेस्ड नको. कॉम्प्रेस्ड काळाकुट्ट उमटतो आणि बोटानं पुसता येत नाही. कांडीचे चार-चार सेंटीमीटरचे तुकडे करून ठेवा. पेन्सिल ६बी, शार्पनरनं नाही तर ब्लेडनं तासलेली, शिसं दोन सेंटीमीटर उघडं. शार्पनरचं आखूड टोक आडवं धरताच येत नाही. खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेषा राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेषा काढायची. दोन्ही दिसल्या की नेमकं कुठं चुकलं ते पुढच्या चित्रात ध्यानात राहतं.

हात कुठून हलवायचा

लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की मनगट हा मध्यबिंदू होतो आणि रेषा पाच-सात सेंटीमीटरच्या पुढं जात नाही. मग एक लांब रेषा काढायला सहा तुकडे जोडावे लागतात आणि चित्रावर केस उगवल्यासारखं दिसतं. पेन्सिल किंवा कोळसा तळव्याखाली, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत आडवा धरा. बोर्ड मांडीवर टेकवून तिरपा उभा करा, हात पुरता लांब होईल एवढा दूर. रेषा खांद्यातून निघाली पाहिजे. खात्री करायची असेल तर दहा मोठे लंबवर्तुळ एकावर एक फिरवा. मनगट आणि कोपर ताठ न करताही स्थिर राहिले तर हात बरोबर चाललाय.

पहिले तीस सेकंद

तीसपैकी पहिले पाच सेकंद कागदाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. एवढी एक शिस्त पाळली तरी निम्म्या चुका टळतात.

मग एक रेषा: डोक्यापासून निघून कण्यातून, भार असलेल्या पायाच्या टाचेपर्यंत. हिला लाईन ऑफ ॲक्शन म्हणतात. ती कडेची रेषा नसते, अंगाच्या आतून जाणाऱ्या जोराची असते. शक्यतो सी किंवा ताणलेल्या एससारखी, एका दमात. ही रेषा अंगात जेवढी वळलेली दिसते त्याहून थोडी जास्तच वळवा, कारण पुढं तपशील भरताना प्रत्येकाचा हात नकळत आकृती सरळ करत नेतो.

नंतर दोन आडव्या रेषा, खांद्याची आणि कमरेची. उभा माणूस उजव्या पायावर भार टाकतो तेव्हा कमरेची उजवी बाजू वर चढते आणि तोल सांभाळायला उजवा खांदा खाली उतरतो. म्हणजे दोन्ही रेषा एकमेकींकडं कलतात. त्या समांतर काढल्या की माणूस सावधानच्या पवित्र्यात गेलाच म्हणून समजा.

मग ओळंबा. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली नजर टाका. उभ्या माणसात ती रेषा भार असलेल्या पावलावर किंवा दोन पावलांच्या मध्ये पडते. चालणाऱ्या, ढकलणाऱ्या, झेपावणाऱ्या माणसात ती पावलांच्या बाहेर जाते. हालचालीचं गमक याच अंतरात आहे. घाटावर पायऱ्या चढणारी बाई काढली आणि ओळंबा मागच्या पायावरच पडला, तर ती पायरीवर थांबलेली दिसणार, साडीचे फराटे कितीही काढले तरी.

उरलेल्या दहा-बारा सेकंदांत छाती आणि कंबर यांचे दोन ढोबळ आकार, आणि हात-पाय एकेका रेषेत. डोकं शेवटी, साधं अंडाकृती. डोक्यापासून सुरुवात करणाऱ्याचं डोकं मोठं होतं आणि पाय कागदाबाहेर जातात. नवख्यांच्या वह्यांत बिनपायाची माणसं भरपूर सापडतात ती याच कारणानं. चेहरा, बोटं, लंगोटाच्या गाठी, यांतलं काहीही नको.

एका बैठकीचा हिशेब असा ठेवा: ३० सेकंदांची दहा, १ मिनिटाची दहा, २ मिनिटांची पाच, ५ मिनिटांची दोन. एकूण ३५ मिनिटं. एका कागदावर दोन-तीन आकृत्या बसतात, म्हणजे दहा-बारा कागद लागतील. पाच मिनिटांच्या चित्रातही पहिलं अर्धं मिनिट अगदी असंच घालवायचं, आणि उरलेला वेळ नव्या रेषांपेक्षा कुठल्या रेषेवर दाब वाढवायचा हे ठरवण्यात.

तालमीत बसताना

गंगावेस, मोतीबाग अशा जुन्या तालमींत सकाळ-संध्याकाळ मेहनत चालते. जाण्याआधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, लाल मातीत पाय टाकू नका. ती माती ताक, तेल, हळद घालून तयार केलेली असते आणि पैलवानांच्या लेखी पूजेची असते. भिंतीला टेकून एका जागी बसा; तुम्ही हलत राहिलात तर त्यांचं लक्ष जातं आणि तुमचा कोन बदलतो. फोटो काढायचे असतील तर ती परवानगी वेगळी मागा.

सुरुवात कुस्तीनं करू नका. जोर आणि बैठका बघा. जोर मारताना तीन टोकं सापडतात. पहिल्यात हात-पाय मातीत, कंबर वर, रेषा कमरेत मोडलेली. दुसऱ्यात कोपरं वाकलेली, छाती मातीलगत, रेषा जवळजवळ सपाट. तिसऱ्यात हात ताठ, छाती पुढं उचललेली, कंबर खाली, रेषा उलटी वळलेली. या तिन्हींच्या मधलं जे काही आहे ते काढायच्या नादाला लागू नका. टोकं बरोबर आली की मधला प्रवास बघणाऱ्याचा डोळा स्वतःच भरून काढतो.

पैलवान तुमच्यासाठी थांबणार नाही, पण तीच स्थिती दर फेरीला परत येते. म्हणून एकाच कागदावर शेजारी-शेजारी तिन्ही आकृत्या एकदम सुरू करा. पाच-सहा फेऱ्या नुसत्या बघा. मग एका फेरीत फक्त तिन्हींचे कणे टाका. पुढच्या फेरीत खांदे आणि कंबर. त्यापुढच्या फेरीत मातीला टेकलेले तळहात आणि चवडे. प्रत्येक वेळी नजर एकाच गोष्टीवर. डोळ्यासमोरून स्थिती गेली की क्षणभर डोळे मिटा आणि मिटल्या डोळ्यांना काय दिसतंय ते काढा. उघड्या डोळ्यांनी पुढची स्थिती बघत मागची काढायला गेलं की दोन्हींचं मिश्रण होतं, म्हणजे कंबर जोराच्या पहिल्या टप्प्यातली आणि हात तिसऱ्यातले.

बैठकीत एक जागा हमखास चुकते. पैलवानी बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात आणि भार चवड्यावर येतो. सवयीनं पाऊल सपाट काढलं की माणूस खुर्चीविना खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो. आधी चवडा टेकवा, मग गुडघा, मग कंबर, असं खालून वर जा.

दोन अंगं, एक रेषा

खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या झटापटीत, दोघांची डोकी एकमेकांच्या खांद्याला भिडलेली, हात मानेवर. यातल्या एकाला मनातल्या मनात पुसून बघा: दुसरा पुढं पडेल. म्हणजे प्रत्येकाचा ओळंबा त्याच्या स्वतःच्या पावलांबाहेर आहे, पण चार पावलांनी घेरलेल्या जागेच्या आत आहे. त्यामुळं एक पैलवान पूर्ण काढून मग दुसरा जोडायला गेलात तर ते जमत नाही. दोन माणसं शेजारी वाकून उभी राहिलेली दिसतात. आधी दोघांच्या मधली पोकळी काढा, छाती, हात आणि जमीन यांत सापडलेला तो त्रिकोण. मग एकाच्या मागच्या टाचेपासून निघून दोघांच्या पाठींवरून दुसऱ्याच्या टाचेपर्यंत एकच कमान. त्यानंतर कमानीत दोन अंगं वेगळी करा.

एकानं पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून खेचायला, सूर मारला की कमान मोडते. त्याची कंबर समोरच्याच्या कमरेच्या खाली जाते आणि रेषा तिरकी होते. इथं दोघांच्या कमरांच्या उंचीतला फरक मुद्दाम वाढवा. चित्रात कोण कुणाला उचलणार ते त्या फरकावरूनच कळतं.

धोबीपछाड, ढाक असे डाव डोळ्यानं पकडता येत नाहीत, ते डोळ्याची पापणी लवते तोवर होतात. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून थांबवून बघायला हरकत नाही, पण कुठं थांबवायचं ते महत्त्वाचं. समोरचा पूर्ण हवेत असतानाची चौकट भारी वाटते आणि काढल्यावर लोंबकळती दिसते, कारण तिथं जोर संपलेला असतो. त्याच्या आधी या: एक पाय मातीवरून नुकता सुटलाय, दुसऱ्याचा चवडा अजून टेकलाय, टाकणाऱ्याचा गुडघा वाकलाय. एडवर्ड मायब्रिजनं १८७८ मध्ये दौडत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढले तेव्हा दिसलं की चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना; चित्रकार तोवर पाय पुढं-मागं फाकलेले घोडे काढत आले होते. शरीरशास्त्रात कॅमेरा बरोबर ठरला, पण गोळा झालेल्या पायांचा घोडा चित्रात बऱ्याचदा धावताना वाटतच नाही. फोटोवरून रचना समजून घ्या. कुठला क्षण काढायचा ते कॅमेऱ्यावर सोपवू नका. (स्वतः कॅमेरा तयार करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात हे सांगायला थोडं अवघड जातं, पण ते आधी चित्रकार होते.)

खासबाग मैदानावरची मोठी कुस्ती बघताना काढायची असेल तर ती पुढच्या टप्प्यावर ठेवा. वरच्या पायऱ्यांवरून आकृत्या खाली दिसतात, डोकी-खांदे मोठे आणि पाय आखूड. शिवाय गर्दीत बोर्ड उघडता येत नाही.

म्हशी

माणसांनी भरलेल्या कागदांनंतर म्हैस हा उत्तम उतारा. कण्याची रेषा शिंगांच्या मुळापासून शेपटीपर्यंत सलग, मान पुढं झुकलेली, पोटाचं वजन खाली ओढणारं. चालीत पायांचा क्रम लक्षात ठेवा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. सावकाश चालीत निदान दोन आणि बहुतेक वेळा तीन पाय जमिनीवर असतातच. चारही पाय एकसारखे तिरके काढले की म्हैस घसरताना दिसते. दूध कट्ट्यावर उभ्या म्हशीतही हालचाल असते. एका मागच्या पायावरून दुसऱ्यावर भार जातो तेव्हा मागच्या दोन उंचवट्यांपैकी एक खाली येतो. तेवढं एक टिपलं तरी पुरे.

कोळसा

चार सेंटीमीटरचा तुकडा आडवा टेकवा आणि छाती व कंबर एकेका घाशात उमटवा, बाहेरची रेषा न काढता. घासा जोराच्या दिशेनं न्यायचा. भार असलेल्या बाजूला दाब वाढवा, मोकळ्या बाजूला सोडा. मग तुकड्याच्या कोपऱ्यानं चार-पाचच ठसठशीत रेषा: टेकलेलं पाऊल, ताणलेली पाठ, पकडलेलं मनगट.

कोळशाची खरी गंमत कडांत आहे. जो भाग स्थिर आहे, म्हणजे मातीत रोवलेला पाय, त्याची कड तीक्ष्ण ठेवा. जो भाग हलतोय, म्हणजे फिरणारा हात, त्याची कड बोटानं हालचालीच्या दिशेला ओढून हरवू द्या. मर्दानी खेळातला पट्टा फिरवणारा हात असाच काढावा. उलट केलं, हात रेखीव आणि पाय पुसट, तर माणूस तरंगतो. सगळंच पुसलं तर धुकं होतं. आकृतीच्या मागं वेगाचे फटकारे मारण्याचा मोह टाळा. ते विनोदी चित्रात शोभतात.

न्यूजप्रिंटवर फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का करणारा फवारा) मारताना ३० सेंटीमीटरवरून दोन हलके फवारे. जवळून मारलं की थेंब पडतात आणि कोळसा वाहतो.

शाई आणि ब्रश

८ किंवा १० नंबरचा गोल ब्रश आणि निदान २०० जीएसएमचा कागद. त्याहून पातळ कागद ओलाव्यानं फुगतो. एका वाटीत एक भाग शाईला तीन भाग पाणी, दुसरीत निव्वळ शाई. फिकट शाईनं ब्रश आडवा दाबून अंगाचं वजन एका-दोन फटक्यांत टाका. त्यावरची चमक गेली की निव्वळ शाईनं रेषा. चमक असतानाच रेषा टाकली तर ती पसरते. कधी कधी ते छान दिसतं, पण मुद्दाम करता येईपर्यंत ती चूकच धरा.

ब्रशाची रेषा दाबावर जाड-बारीक होते. जोर जिथून सुटतो तिथं दाबायचं, जिथं संपतो तिथं उचलायचं. बैठकीत उठताना मांडीपाशी जाड, डोक्यापाशी बारीक. जवळजवळ सुकलेल्या ब्रशानं भराभर ओढलं की रेषा मध्ये तुटून कागदाचे पांढरे ठिपके राहतात, आणि वेग तिथंच दिसतो. एप्रिल-मेच्या उन्हात हे आपोआप होतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र पहिला थर वाळायलाच बराच वेळ जातो, म्हणून त्या दिवसांत एका चित्राची वाट न बघता तीन कागद एकदम चालवा.

वॉटरप्रूफ ड्रॉईंग इंक ब्रशात वाळली की केस कायमचे चिकटतात. काम संपताक्षणी धुवा, जलरंगांचा चांगला ब्रश त्यात बुडवू नका, आणि ही शाई फाउंटन पेनात तर मुळीच भरू नका.

बाजारात, एसटी स्टँडवर बॉलपेन आणि छोटी वही पुरते. तिथं मनगटच वापरावं लागतं, म्हणून लांब रेषेच्या मागं न लागता पेन कागदावरून न उचलता गोल-गोल गिरवत अंगाचा गाभा भरा. फ्रेंच शिल्पकार रोदँ मॉडेलना स्टुडिओत मोकळं फिरू देऊन कागदाकडं न बघताच रेषा ओढायचा. लक्ष्मीपुरीच्या भाजीबाजारात ही पद्धत वापरून बघा. नाक-डोळे वाकडे येतील, हालचाल सहसा बरोबर येते.

टॅब्लेटवर काढणार असाल तर स्ट्रोक गुळगुळीत करणारी सोय शून्यावर आणा, लेयर एकच ठेवा, अंडू विसरा. बाकी सगळं तेच.

माती

हा टप्पा बरेच जण गाळतात, आणि कागदावर न दिसलेल्या चुका नेमक्या इथं उघड्या पडतात. शाडू शाहूपुरी, गंगावेस किंवा बापट कॅम्पच्या कुंभारांकडं मिळतो. गणपतीच्या आधीचे महिने मात्र त्यांच्या डोक्यावर कामाचा डोंगर असतो, तेव्हा जाऊ नका. १५ सेंटीमीटरच्या आकृतीला साधारण १५० ग्रॅम माती पुरते.

गोळ्याची जाडसर वळी करा. हात-पाय जोडायच्या आधी त्या वळीलाच वाकवा आणि पिळा: खालचा भाग डावीकडं, वरचा उजवीकडं. कमरेत पीळ पडला की मग पायांच्या वळ्या, मग हात, शेवटी डोक्याची गोळी. आधी सरळ माणूस करून नंतर वाकवलात तर सांधे चिरतात आणि पीळ फक्त कातडीवर दिसतो. वेळ पाच मिनिटं. बोटांचे ठसे राहू द्या, गुळगुळीत करू नका.

आकृती पाटावर उभी करा आणि हात काढून घ्या. ती कोसळली तर बघा कुठल्या बाजूला कोसळली. भार तिकडं जास्त गेलाय. झेपावणारी आकृती पडणारच, तिला पोटातून खुंटी द्या. पण खडाखडीतली जोडी एकमेकांच्या आधारानं स्वतःहून उभी राहायला हवी. राहिली नाही तर तुमच्या कागदावरची कमानही खोटी आहे.

तारेचा सांगाडा घालायचा तर २ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घ्या. लोखंडी तार गंजून मातीला डाग पाडते. शाडू वाळताना आक्रसतो, तार आक्रसत नाही, म्हणून सांगाड्यावरची आकृती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तडकते. ती टिकवायचा प्रयत्न करू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, माती ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये ठेवा आणि पुन्हा वापरा. टिकाऊ हवं असेल तर तेलमाती घ्या, ती वाळतही नाही आणि तडकतही नाही.

क्रम आणि तपासणी

पहिले दोन आठवडे फक्त पेन्सिल आणि जोर-बैठका. तिसऱ्या आठवड्यात कोळसा, विषय तोच. चौथ्यात खडाखडी, आणि त्याच आठवड्यात एकदा माती, म्हणजे तोल तपासला जाईल. ब्रश त्यानंतर, आधी घेतला तर शाईचे डाग आवडायला लागतात आणि ओळंबा विसरला जातो.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ किती दिला आणि हालचालीचं नाव लिहा. आठवड्याच्या शेवटी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि दोन मीटरवरून बघा. चित्रकला न येणाऱ्या कुणाला तरी बोलवा आणि एकच विचारा: हा गडी पुढच्या क्षणी कुठं जाणार? त्यांनी बरोबर दिशा दाखवली तर तो कागद ठेवा, चुकीची दाखवली तर त्यावर लाल पेन्सिलीनं ओळंबा टाकून बघा. न्यूजप्रिंट वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून ठेवलेल्या कागदांचे फोटो लगेच काढा.